जाड स्टॅबिलायझर बार घरच्या फरशीवर बसवायचा कसा अन् मग सेट कसा करायचा

गाडी वळणावर झुकते म्हणून लोक पहिले लोअरिंग स्प्रिंग टाकतात. नागपुरात चालून जात असेल ते, पण आपल्याकडे गावाच्या वेशीवरचा एकेक स्पीड ब्रेकर असा बांधला असते की कंपनीच्या उंचीवरच गाडीचं पोट घासते, तिथं अजून खाली आणून काय करता बाप्पा. त्यापेक्षा आधी स्टॅबिलायझर बार बदला. गाडीची उंची आहे तेवढीच राहते, सरळ रस्त्यावर मागं बसलेल्या माणसाला फारसा फरक कळत नाही, अन् वळणात गाडी वेगळीच वागते. कोणी स्वे बार म्हणते, कोणी अँटी रोल बार, मिस्त्री लोक स्टॅबिलायझर रॉड म्हणतात, मी खाली नुसतं बार म्हणतो.

उदाहरण म्हणून डोळ्यासमोर २०१७ ला आपल्याकडे आलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस ठेवतो. सेकंडहँडमध्ये आता यवतमाळ-अमरावतीकडेही एखादी दिसते, पुढची चाकं गाडी ओढतात अन् मागं मल्टिलिंक सस्पेन्शन आहे, त्यात दोन्ही चाकं सुटी-सुटी वर-खाली होतात, म्हणजे मागं खरा सुटा बार आहे. पोलो, स्विफ्ट, अबार्थ पुंटो वाल्यांचं मागचं टॉर्शन बीम असते, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारी एकच आडवी तुळई, त्यांच्यासाठी जो मागचा बार मिळते तो सहसा त्या बीमलाच बोल्टनं आवळायचा असते, त्याला लिंक म्हणजे बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी बारकी दांडी नसते, त्यामुळे लिंकबद्दल जे लिहिलं ते त्यांनी फक्त पुढच्या बारसाठी वाचा.

आता हे करते काय ते आधी समजून घ्या, कारण सेटिंग करताना हेच कामी पडते. बार म्हणजे स्प्रिंग स्टीलची यू आकाराची कांब. मधला भाग दोन बुशमध्ये, म्हणजे रबरासारख्या कड्यांत, सबफ्रेमला म्हणजे गाडीखालच्या लोखंडी चौकटीला धरलेला, दोन्ही टोकं लिंकनं डाव्या-उजव्या चाकाच्या सस्पेन्शनला. दोन्ही चाकं एकदम वर गेली, म्हणजे सरळ ब्रेकर घेतला, तं बार बुशमध्ये नुसता फिरते, काहीच काम करत नाही. एक चाक वर अन् दुसरं खाली असं झालं की बार पिळला जाते अन् विरोध करते. वळणात गाडी झुकते तेव्हा नेमकं हेच होते. पण एकाच बाजूचं चाक गड्ड्यात गेलं तरी हेच होते, अन् इथंच आपल्या रस्त्यांचा प्रश्न येते. बार जास्तच कडक केला तर सुट्या सस्पेन्शनची गाडी बंडीच्या कण्यासारखी वागायला लागते, डाव्या चाकाला खड्डा लागला की उजवीकडं बसलेल्याची मान हलते.

दुसरी गोष्ट. वळणात आतल्या चाकावरचं वजन बाहेरच्या चाकावर जाते. एकूण किती जाईल ते गाडीचं वजन, त्या वजनाची उंची, दोन चाकांमधलं अंतर अन् तुम्ही किती जोरात वळवून राहिले यावर ठरते, बार लावून ते काही खास कमी होत नाही. बार फक्त वाटणी ठरवते, त्यातलं पुढच्या जोडीनं किती घ्यायचं अन् मागच्या जोडीनं किती. टायरवर वजन दुप्पट टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, कमीच पडते, म्हणून ज्या जोडीत ही वजनाची उलाढाल जास्त त्या जोडीची एकूण पकड कमी होते. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं आपोआप येते. मागचा बार कडक केला तर मागची पकड थोडी कमी, गाडीचं नाक वळायला तयार. पुढचा कडक केला तर पुढची पकड कमी, गाडी बाहेर बाहेर जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्या कंपनीतूनच अशा येतात की हद्द झाली की नाक बाहेर जाईल, कारण साधा माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडते अन् त्यात गाडी सावरते. म्हणून अशा गाडीला पहिला मागचा बार टाकायचा, पुढचा कंपनीचाच राहू द्यायचा. दोन्हीकडं एकदम जाड बार टाकणारे लोक झुकणं कमी करतात पण तोल होता तिथंच ठेवतात, वरून खड्ड्यांचा त्रास दुप्पट.

जाडी निवडताना लोक चुकतात ते इथं. २० मिलिमीटरच्या जागी २२ म्हणजे दोनच मिलिमीटर तर वाढले असं वाटते, पण पिळाचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढते. २० चा २२ केला की कडकपणा साधारण ४६ टक्के वाढला. २० चा २४ केला की दुपटीच्या वर. म्हणून आधी व्हर्नियर घेऊन जुना बार मधल्या सरळ भागात मोजा, रंग अन् चिखल खरवडून, मग ऑर्डर करा. आमच्या इकडच्या रस्त्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, दीडपट कडकपणाच्या पुढं जाऊ नका. पोकळ बार पण मिळते. २५ मिलिमीटर बाहेरून अन् ४ मिलिमीटर जाड भिंत असलेला पोकळ बार हा २४ च्या भरीव बारच्या ९३ टक्के कडक असते अन् वजनाला साठ टक्क्यांपेक्षाही कमी. पैसे जास्त लागतात. रोजच्या गाडीला भरीव चालते.

आयबाख, एच अँड आर, व्हाइटलाइन, कुस्को, अल्ट्रा रेसिंग ही नावं तुम्हाला दिसतील. कोणाचाही घ्या, पण आपल्या गाडीचं वर्ष, इंजिन अन् मागचं सस्पेन्शन कोणतं ते जुळवूनच घ्या, एकाच नावाच्या गाडीत मल्टिलिंक अन् बीम दोन्ही असू शकते. घ्यायचा तर भोकं असलेला घ्या, म्हणजे प्रत्येक टोकाला दोन किंवा तीन भोकं असतात, त्यावरच पुढची सगळी ॲडजस्टमेंट आहे. अन् सोबत नवे बुश आले का ते पाहा, जुने बुश जाड बारवर बसत नाहीत. लेथवाल्याकडून साध्या लोखंडाची कांब वाकवून घ्यायचा सल्ला कोणी दिला तं हात जोडा. ते स्प्रिंग स्टील नसते, एकदा पिळलं की तसंच राहते, नाही तं तुटते, अन् तुटलेलं टोक टायरमध्ये जाऊ शकते. बारवर वेल्डिंग हा विषयच काढायचा नाही.

पैसे पाठवायच्या आधी एक काम करा. जुन्या लिंक अन् बुश तपासा. गाडी खड्ड्यातून हळू घेतली की खालून खटखट येत असेल, लिंक हातानं हलवली की बॉल जॉइंट ढिला वाटत असेल, तं आधी ते बदला. शॉकअप गळून राहिले असतील तं ते बदला, जाड बार त्याची भरपाई करत नाही. कितीतरी गाड्यांचं झुकणं नव्या लिंक अन् नव्या बुशनंच कमी होऊन जाते, अन् खर्च बारच्या चौथाईत. टायर चार कंपन्यांचे चार असतील तं बारचे पैसे टायरमध्ये टाका, मी तं हेच सांगेन.

कागदाचं पण बोलून घेतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन आहे. बारची जाडी काही आरसी बुकात लिहिलेली नसते, तरी आरटीओत विचारून घ्या अन् इन्शुरन्सवाल्याला कळवून ठेवा, क्लेमच्या वेळी वाद नको. गाडी वॉरंटीत असेल तं सस्पेन्शनच्या तक्रारीला कंपनी हात वर करू शकते.

जागा अन् सामान

काळ्या मातीत जॅक लावायचा नाही. वरून टणक वाटते, अन् उन्हाळ्यात भेगा पडल्या असतात म्हणून आपल्याला भरोसा येते, पण गाडीचं वजन एका ठिकाणी आलं की जॅकचा पाय हळूहळू तिरपा होते. खळ्याची सिमेंटची फरशी, शेडचा कोबा, नाही तं गावातल्या वॉशिंग सेंटरचा रॅम्प, यातलं काहीतरी पाहा. जाड लाकडी फळी खाली टाकली तरी मातीवर मी करणार नाही. घोडी म्हणजे जॅक स्टँड दोन पाहिजेतच, विटांवर अन् सिमेंटच्या पोकळ ब्लॉकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, ब्लॉक फुटते तेव्हा सांगून फुटत नाही. मे महिन्यात काम असेल तं सकाळी दहाच्या आत उरका, उन्हात पडलेला पाना हातात धरवत नाही अन् घाई होते.

सामानात गोटी पान्याचा सेट, रिंग पाने, ॲलन की अन् टॉर्क्स बिट, टॉमी म्हणजे उचकवायची लोखंडी दांडी, वायर ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे, टॉर्क रेंच म्हणजे ठरलेल्या जोरानंच आवळता येणारा पाना, मोजायची टेप, खडू. टॉर्क रेंच गावात नसते, तालुक्याच्या गॅरेजमधून एका दिवसासाठी मागून आणा, पण आणा. कधी त्याच्यावर किलो-मीटर म्हणजे केजीएम छापलेलं असते अन् पुस्तकात न्यूटन मीटर, तर साधारण १० न्यूटन मीटर म्हणजे १ केजीएम. लिंकच्या नटला किती, ब्रॅकेटच्या बोल्टला किती हे तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीचा आकडा लावू नका. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांत काही बोल्ट असे असतात की ठरलेल्या टॉर्कनंतर अजून ९० अंश फिरवायचे अन् एकदा खोलले की नवेच टाकायचे. ते बोल्ट बारच्या ऑर्डरसोबतच मागवून ठेवा, नाही तं गाडी घोडीवर अन् बोल्ट नागपूरला अशी परिस्थिती होते.

ग्रीस साधं बेअरिंगवालं नको. बुश पॉलियुरेथेनचे असतील तं त्यांच्यासोबत जे चिकट सिलिकॉन ग्रीस येते तेच. पेट्रोलियमचं ग्रीस रबराला फुगवते, अन् पॉलीतून ते लवकर धुऊन जाते, मग चिरचिर सुरू.

जुना काढणे

आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी गाडी सपाट फरशीवर उभी करून, काहीही खोलायच्या आधी, चारही चाकांचं मधलं केंद्र ते वरच्या फेंडरची कड हे अंतर टेपनं मोजा अन् फरशीवरच खडूनं लिहून ठेवा. हे माप पुढं लागते, तेव्हा विसरू नका.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडाचे ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये, मागचे चाकाचे नट थोडे ढिले करा, मग मागची बाजू उचलून दोन्ही घोड्या कंपनीनं दिलेल्या जॅक पॉइंटखाली. दोन्ही मागची चाकं एकदम वर पाहिजेत. एकच बाजू उचलली तं बार पिळलेलाच राहते अन् लिंकचा नट सुटला की टोक झटक्यात उडते, बोटं तिथं असतात. काढलेली चाकं गाडीच्या खाली आडवी सरकवून ठेवा, घोडी दगा दिली तर तेवढाच आधार.

लिंकचा नट फिरवायला गेलं की आतला बॉल स्टडही सोबत गरगर फिरते, सगळ्यांना इथंच घाम फुटते. स्टडच्या टोकाला ॲलनचा किंवा टॉर्क्सचा खाचा असते, तो आधी वायर ब्रशनं अन् सुईनं साफ करा, चिखल भरलेल्या खाच्यात बिट अर्धीच बसते अन् तो खाचा एकदा गोल झाला की मग कटरशिवाय इलाज नाही. बिट पूर्ण खोल ठोकून बसवा, ती धरून रिंग पान्यानं नट सोडा. मिस्त्री म्हणेल भाऊ इम्पॅक्ट मारतो, एका सेकंदात होते. जुनी लिंक फेकायची असेल तं मारू द्या, वापरायची असेल तं नाही, जॉइंटचं रबर फाटते.

मग ब्रॅकेटचे बोल्ट. बुशची चीर कोणत्या बाजूला तोंड करून आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. ब्रॅकेट सुटले की बार हलवून हलवून एका बाजूनं काढायचा असते, एक्झॉस्टचे रबर हँगर सोडून पाइप थोडा खाली घ्यावा लागू शकते. कोणत्या गाडीत सबफ्रेमच दोन बोटं खाली सोडा लागते, तसं असेल तं सबफ्रेमखाली जॅकचा आधार देऊनच, अन् ब्रेकची होज अन् एबीएसची वायर ताणली जात नाही ना ते पाहत. मागच्या आर्मला हेडलाइट लेव्हलिंगचा बारका सेन्सर असू शकते, त्याची प्लास्टिकची दांडी एका टॉमीच्या धक्क्यात तुटते.

पुढचा बार बदलायचा असेल तं एक इशारा. आडवं इंजिन असलेल्या बहुतेक गाड्यांत पुढचा बार सबफ्रेम अन् स्टिअरिंग रॅकच्या मध्ये दाबलेला असते. त्यासाठी सबफ्रेम खाली सोडा लागते, इंजिनला वरून आधार द्या लागते, अन् नंतर व्हील अलाइनमेंट करा लागते. हे घरी करू नका. लिफ्ट असलेल्या ठिकाणी न्या.

नवा बसवणे

जुना अन् नवा बार फरशीवर शेजारी-शेजारी ठेवून वाक जुळतात का पाहा. उलटा बसणारा बार पण असते, आत गेल्यावर मग टोक एक्झॉस्टला टेकते. स्टिकर किंवा कंपनीचं नाव कोणत्या बाजूला यायला पाहिजे ते सोबतच्या कागदावर असते.

बुशच्या आतल्या बाजूला ग्रीस सढळ हातानं, बाहेरच्या बाजूला जिथं ब्रॅकेट बसते तिथं नाममात्र. बुश बारवर चढवा, चीर फोटोत होती त्याच दिशेला, ब्रॅकेट लावून बोल्ट फक्त हातानं. बार डावी-उजवीकडं मधोमध आला का ते दोन्ही टोकांपासून सबफ्रेमपर्यंत टेपनं मोजा. मग बोल्ट टॉर्कनं आवळा. आता बारची दोन्ही टोकं एका हातानं उचला अन् सोडा. बार स्वतःच्या वजनानं हळूच खाली आला पाहिजे, थोडा अडखळत आला तरी चालते. जागच्या जागी अडकून राहिला तं बुश जास्त आवळला गेला, किंवा ब्रॅकेट वेगळ्या मापाचं आहे, किंवा सबफ्रेमवर चिखलाचा थर राहिला. खोला, साफ करा, परत लावा. अडकलेला बार लिंक न जोडताच स्प्रिंगचं काम करून राहिला असते अन् मग तुम्ही भोकं बदलत बसाल तरी काही उमगणार नाही.

बार आडवा सरकू नये म्हणून बुशच्या बाजूला दोन कॉलर येतात, ते बुशला चिकटवून नाही तं अगदी केसभर जागा सोडून आवळा. कॉलर नसलेला बार महिन्याभरात एका बाजूला सरकून आर्मला घासू शकते.

लिंक, अन् यातच सगळं आहे

बार सगळे लावतात, पण ताण न ठेवता लावणारे कमी. गाडी घोडीवर असताना चाकं लटकलेली असतात, तिथं लिंक आवळून टाकली अन् डाव्या-उजव्या लिंकच्या लांबीत थोडा फरक राहिला, तर गाडी जमिनीवर आल्यावर बार सरळ रस्त्यावरही पिळलेला राहते. मग गाडी डाव्या वळणाला एक अन् उजव्या वळणाला वेगळंच वागते. लोक म्हणतात बार खराब निघाला.

म्हणून शेवटची लिंक जोडताना सस्पेन्शन गाडी उभी असते त्या उंचीवर पाहिजे. रॅम्प किंवा खड्डा असेल तं सोपं आहे, चारही चाकं टेकवून खाली शिरा. फरशीवर असाल तं गाडी घोड्यांवरच राहू द्या अन् दोन्ही मागच्या हबखाली किंवा आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली एकेक जॅक लावून, मघाशी खडूनं लिहिलेलं फेंडरचं माप येईपर्यंत दोन्ही बाजू सारख्या उचला. गाडी घोडीवरून उचलली जाऊन राहिली वाटलं तं तिथंच थांबा. अन् ड्रायव्हरचं वजन धरायचं असेल, बहुतेक वेळा एकटेच चालवत असाल तं धराच, तर सुरुवातीचं माप घेतानाच ड्रायव्हर सीटवर ४५ किलोची युरियाची एक गोणी अन् २५ किलोचा तांदळाचा एक कट्टा ठेवून माप घ्या. खाली प्लास्टिक टाका, युरिया ओलावा धरते अन् सीटवर डाग पडते.

आधी एका बाजूची लिंक पूर्ण लावा. दुसऱ्या बाजूचा बोल्ट भोकात घालून पाहा. बोटाच्या टोकानं ढकलला अन् सरकन आत गेला तं बारमध्ये ताण नाही. टॉमीनं बार खाली दाबून, हातोडीनं बोल्ट ठोकून जात असेल तं थांबा. इथंच ॲडजस्ट होणाऱ्या लिंकची गरज कळते. तिच्या एका टोकाला सुलटे आटे अन् दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे मधला दांडा फिरवला की लिंक न काढताच लांब-आखूड होते. अर्धा फेरा, पुन्हा बोल्ट घालून पाहा, असं करत करत बोल्ट मोकळा जाईपर्यंत. दोन्हीकडं कमीत कमी दांड्याच्या जाडीइतके आटे आत राहिले पाहिजेत, १० मिलिमीटरच्या दांड्याला मी १५ तरी ठेवतो. मग दोन्ही चेकनट घट्ट, अन् घट्ट करताना जॉइंट वाकडा अडकला नाही ना ते पाहा, लिंक हातानं थोडी डुलली पाहिजे.

लिंक घेताना उघड्या रोझ जॉइंटची घेऊ नका. दिसायला रेसिंगची असते, पण आपल्या धुळीत अन् पऱ्हाटीच्या शेतातून येणाऱ्या पांदण रस्त्यावर ती लवकर खडखड करायला लागते. रबराचं बूट असलेल्या बंद बॉल जॉइंटची घ्या.

लिंक सुरुवातीला कोणत्या भोकात लावायची? बारच्या अगदी टोकाचं भोक म्हणजे सगळ्यात मऊ, आतलं, वाकाच्या जवळचं भोक म्हणजे सगळ्यात कडक. कारण बारचा हात, म्हणजे पिळणाऱ्या मधल्या भागापासून भोकापर्यंतची लांबी, कमी झाला की पिळायला जोर जास्त लागते, अन् हे लांबीच्या वर्गानं बदलते. हात २२० मिलिमीटरचा २०० केला तर साधारण २१ टक्के कडकपणा वाढला. पहिल्यांदा मऊ भोकातच लावा. भोक बदललं की लिंकचा कोन बदलते, म्हणून वरची बोटानं बोल्ट घालायची परीक्षा दर वेळी परत करा.

खाली उतरवायच्या आधी चाकं पूर्ण लटकवून अन् मग जॅकनं पूर्ण वर दाबून दोन्हीकडं पाहा, बार ब्रेकच्या होजला, वायरला, एक्झॉस्टला, ड्राइव्ह शाफ्ट असेल तं त्याला टेकते का. बोटभर जागा पाहिजे. प्रत्येक आवळलेल्या नटवर ऑइल पेंटची एक आडवी रेघ मारा, नट अन् बोल्ट दोन्हीवरून जाणारी. नंतर वाकून पाहिलं की रेघ जुळते की सरकली ते लगेच कळते.

चालवून सेट करणे

पहिले पाच-दहा किलोमीटर हळू, गावातल्याच रस्त्यावर, काच खाली करून, रेडिओ बंद. खटखट आली तर बहुतेक लिंकचा नट, चिरचिर आली तर ग्रीस. शे-दोनशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं परत तपासा.

टेस्ट करायला घाटात जाऊ नका. चिखलदऱ्याच्या रस्त्यावर वळणापलीकडून एसटी येऊन राहिली असते अन् कठड्यावर माकडं बसली असतात, तिथं कोणती गाडी किती वळते हे पाहायची जागा नाही. समृद्धीवर जाऊन काही कळत नाही, तिथली वळणं इतकी लांब की बार पिळतच नाही. त्यापेक्षा कापसाचा सीझन संपल्यावर जिनिंगचं आवार रिकामं पडलं असते, मालकाची परवानगी घ्या, सरकी अन् धूळ झाडून काढा, अन् चुन्यानं १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. त्या वर्तुळावरून आधी २० च्या वेगानं फिरा, मग हळूहळू वाढवत जा. ३५ च्या आसपास आलं की टायर बोलायला लागतात, म्हणजे एवढ्या कमी वेगात सगळं दिसते अन् चुकलं तर मोकळं मैदान आहे. ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की स्वतःच सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बंद करायची गरज नाही. डावीकडून फिरा अन् उजवीकडून पण फिरा, दोन्हीकडं गाडी वेगळी वागली तं परत लिंकच्या ताणाकडं जा.

आधी टायरची हवा थंड असताना सारखी करा. उन्हात उभ्या गाडीत हवा दोन-तीन पीएसआयनं चढलेली असते अन् तुम्हाला वाटते बारचा फरक पडला. एका वेळी एकच गोष्ट बदला. भोक बदललं त्या दिवशी हवा बदलायची नाही, हवा बदलली त्या दिवशी भोक नाही. वहीत लिहा, डोक्यात राहत नाही.

वेग वाढवता वाढवता स्टिअरिंग जास्त जास्त फिरवा लागून राहिलं अन् गाडी चुन्याच्या बाहेर जाऊन राहिली तं मागं एक भोक कडक करा. पुढचा बार ॲडजस्ट होणारा असेल तं आधी पुढचा मऊ करा, माझ्या मते तो जास्त चांगला उपाय, कारण खड्ड्यातही आराम मिळते अन् वळणातून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक फिरून रबर जाळणं कमी होते. वळणात ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागचा भाग बाहेर यायला लागला, पुसट का होईना, तं मागं एक भोक मऊ. मैदानात ते मजेशीर वाटते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर, समोर कापसाची ट्रॉली अचानक दिसली अन् तुम्ही पाय उचलला, तेव्हा ते मजेशीर नसते. म्हणून मृगाच्या आधी मऊ भोकात आणून ठेवा, दिवाळीनंतर पाहिजे तं परत कडक करा. कडक सेटिंगवर आतलं मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलेलं दिसेल, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याची भीती नाही, पण रोजच्या रस्त्यावर ते दिसून राहिलं तं तुम्ही जास्तच जोरात चालवून राहिले.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल, बीएमडब्ल्यूची झेड४ किंवा तसलं काही, तं पहिला कोणता बार टाकायचा ते उलटं धरा. तिथं मागचा बार कडक केला की आतलं मागचं चाक हलकं होते, पॉवर दिली की तेच फिरते अन् गाडीचा मागचा भाग घसरते. त्या गाड्यांना आधी पुढचा बार जाड करतात, मागचा कंपनीचा ठेवून. ज्याला पुढं-मागं दोन्ही घ्यायचे आहेत त्यानं जुळवलेला सेट घ्यावा, एक बार इकडचा अन् एक तिकडचा असं नको.

रोजच्या रस्त्याची एक परीक्षा सांगतो जी मैदानात होत नाही. तुमच्या गावच्या रस्त्यावर जिथं काळ्या मातीनं डांबर एका बाजूनं खचलेलं आहे, डावं चाक खाली उजवं वर अशी जागा, तिथून ४० च्या वेगानं जा. गाडी डावी-उजवीकडं झटके देत असेल, शेजारी बसलेली माणसं हँडल धरत असतील, तं तुमच्यासाठी ते भोक कडक झालं, मैदानात कितीही छान वळली तरी. ज्या रस्त्यानं रोज दूध, मुलं अन् म्हातारे माणसं न्यायची त्या रस्त्यावर सेटिंग ठरवायची, महिन्यातून एकदाच्या हौसेवर नाही.

नंतरची निगा जास्त नाही. पावसाळ्यात चिखल बुशच्या कडेनं आत शिरते, वाळला की सिमेंटसारखा होते अन् बार अडखळायला लागते. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा अन् संपल्यावर एकदा ब्रॅकेट सोडून बुश पुसून नवं ग्रीस भरा, त्याच वेळी लिंकचे रबर बूट फाटले का अन् पेंटच्या रेघा जुळतात का पाहा. वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा प्रेशरचं पाणी थेट बुशवर मारू नको. जुना बार, जुने ब्रॅकेट अन् बोल्ट भंगारवाल्याला देऊ नका. वापरलेलं इंजिन ऑइल लावून पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाका, गाडी विकताना घेणारा कंपनीचाच बार मागते, अन् नवा बार वेगळा विकला तं त्याचे बऱ्यापैकी पैसे येतात.